मुक्ताचं नाव

अपघातात डोक्याला जबर मार बसलेल्या श्रीपादच्या मेंदूत डॉक्टरांनी तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर बसवला होता. तिथला प्राणवायू किती, ते पडद्यावर दिसे. हेमांगी नवऱ्याशी दिवसभर बोलत बसे, पण आकडा हलत नसे. मुलीचं नाव काढलं, की मात्र तो चढे.

"मुक्ता शाळेत गेलीय हं," ती सांगे. मुक्ता त्याच अपघातात गेली होती.

एका दुपारी तिला राहवलं नाही. "अहो, आपली मुक्ता नाही राहिली."

आकडा घसरत गेला. घंटा वाजली, नर्स धावत आली.

"नाही हो, खोटं बोलले मी! येतेय ती!" हेमांगी ओरडली. आकडा हळूहळू सावरला.

सतराव्या दिवशी श्रीपादने डोळे उघडले. हेमांगी पुढे वाकली, पण तो तिच्या खांद्यावरून दाराकडेच बघत राहिला.