दाराबाहेरच्या चपला

“पावणं, चपला भाईर!” शिपाई आकाराम आतनंच ओरडला.

जयसिंग कॉम्प्युटर लॅबच्या दारात थबकला. त्याला घेऊन आलेला, त्याच्या पोराचा वर्गमित्र यशराज घाईघाईनं पुढं झाला. “मामा, अहो, संघर्षचे वडील.”

आकारामचा चेहरा पडला. हातातला झाडू भिंतीला टेकवून तो खाली बघत उभा राहिला. “चुकलं माझं, दादा. तुमी तसंच या आत.”

पण जयसिंगचं तिकडं ध्यानच नव्हतं. तो दाराशेजारच्या ढिगाकडं बघत होता. बूट, सँडल, स्लिपरा, कशाचा कशाला मेळ नाही. आणि भिंतीकडेला, जरा जागा सोडून, एक कोल्हापुरी जोड. त्याच्या पोराचा. हा जोड न्यायलाच तर तो शिवाजी विद्यापीठात आला होता.

संघर्षला जाऊन पंधरवडा होत आला होता. इथंच, प्रॅक्टिकल चालू असताना डोकं धरून खाली बसला. पोरांनी उचलून रिक्षात घातला, दवाखान्यात नेला. डोक्यातली शीर तुटली, म्हणाले. अनवाणी गेलं पोरगं. त्याच्या आईनं, तानूबाईनं, तेवढंच मनाला लावून घेतलं होतं. हॉस्टेलवरनं ट्रंक आली, गादी आली, तिनं हातसुद्धा लावला नाही. “माझ्या लेकराच्या चपला कुठं हायत? तेवढ्या आणा,” एवढंच म्हणायची.

चपला जयसिंगनंच घेतलेल्या. पोराचा एम.एस्सी.ला, तेही कॉम्प्युटरला नंबर लागला म्हटल्यावर त्याला थेट चप्पल लाइनीत नेलं. दुकानदार आपला बिनआवाजाच्या दाखवतोय. “त्या नगोत. करकर वाजणाऱ्या काढा. ह्यो आला म्हंजे लांबनं कळलं पायजे!” जयसिंगचा बाप पाटलाच्या दारावरनं जाताना चपला काढून हातात घ्यायचा. पोरवयात ते बघितलेलं. तेव्हाच जयसिंगनं मनाशी गाठ मारली होती, मरेन, पण कुणी काढ म्हटलं म्हणून चपला काढणार नाही.

म्हणून तर ॲडमिशनच्या दिवशी ह्याच दारात त्याचं टाळकं फिरलं. “व्हय रं, हितं बी काढायच्या?”

संघर्ष पोट धरून हसला होता. “आबा, हितं समद्यांच्याच निघत्यात. सरांच्या बी. मशीनला धूळ चालत न्हाय.” आणि खरंच होतं ते. नव्वदच्या दशकातला कॉम्प्युटर तो, देव्हाऱ्यापेक्षा जास्त जपायचे. पण जयसिंग कसला ऐकतोय! बाहेरच उभा राहिला. पोरगं आतनं खुणावतंय, या की, बघा की. पुढच्या खेपेला बघू, म्हणाला. पुढची खेप ही अशी आली.

आता त्यानं वाकून आपल्या चपला काढल्या आणि पोराच्या चपलांना लागून ठेवल्या.

आत गारठा होता. पोरं एकेका मशीनसमोर दोघं दोघं बसलेली. जयसिंगनं अंगाभोवती हात आवळले. “एवढं गार?”

“एसी असतो, काका. मशीन तापू नयेत म्हणून.”

“आन् पोरांचं काय? त्याला थंडी वाजत न्हवती व्हय? स्वेटर तर ट्रंकंत घडीचा तसाच हाय.”

यशराज त्याला आतल्या बाजूला घेऊन गेला. “आम्हा दोघांत एकच मशीन होतं. मी कुडकुडायला लागलो की म्हणायचा, सरक की लेका जवळ.”

कोपऱ्यातल्या मशीनवरचं कापडी कव्हर त्यानं काढलं. “हितं बसायचा. चालू करून दाखवू?”

“नगं. त्याला येत हुतं त्ये.”

जयसिंग फौंड्रीतला गडी. भाजून भाजून हाताची कातडी जाड झालेली. त्या हातानं त्यानं खुर्चीची पाठ चाचपली, बटणांवरनं एकही न दाबता बोटं फिरवली. खुर्चीत काही बसला नाही. नुसता शेजारी उभा राहिला. डोळ्यांतनं पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

बाहेर आल्यावर यशराजनं पिशवी उघडून धरली. आकाराम मागनं म्हणाला, “झाडताना उचलतोय आन् परत तिथंच ठेवतोय, दादा. पोरं बी त्यास्नी पाय लागू देत न्हाईत.”

जयसिंगनं चपला उचलल्या. टाचेपाशी, अंगठ्यापाशी कातडं खोलगट झालं होतं, पोराचा पाय जसाच्या तसा. तो पिशवीत घालणार, एवढ्यात आतनं बटणांची टकटक सुरू झाली. त्यानं दाराकडं बघितलं, मग चपलांच्या त्या ढिगाकडं बघितलं. प्रत्येक जोडीचा धनी आत बसलेला.

तो पुन्हा वाकला आणि पोराच्या चपला होत्या तिथंच ठेवल्या.

“काका, काकूंनी न्यायला सांगितलंय न्हवं?”

“तिला म्या सांगतो.” जयसिंगनं पिशवीचं तोंड मिटलं. “घरात न्हेल्या की मेल्या माणसाच्या व्हत्यात ह्या. हितं हायत तवर पोरगं आत हाय.”

मग त्यानं आपल्या चपला उचलल्या. त्याही तसल्याच, करकरणाऱ्या. पण पायांत घालीना.

“घाला की, दादा,” आकाराम म्हणाला.

“वाजत्यात. आत अभ्यास चाललाय,” जयसिंग हळूच म्हणाला. आणि चपला हातात घेऊन, अनवाणी, तो जिना उतरायला लागला.