मावशी म्हण

“मावशी म्हणायचं. आई म्हणालास तर सगळं मुसळ केरात,” मर्लिताने फोनवर शेवटचं बजावलं.

“हो गं, किती वेळा तेच!” पलीकडून जोमार वैतागला. मनिलात सकाळचे नऊ वाजले होते आणि तो व्हिसाच्या कचेरीच्या दाराशी रांगेत उभा होता. आत फोन नेऊ देत नव्हते. त्याने तो बंद केला.

इकडे कॅनडात, विनिपेगच्या वृद्धाश्रमात संध्याकाळचे आठ झाले होते. म्हाताऱ्यांना झोपवून मर्लिता टॉवेलांच्या घड्या घालायला बसली. एकच टॉवेल तिने तिसऱ्यांदा उलगडला तेव्हा तिच्याच मुलखाची लुडी हसली. “अगं, त्या टॉवेलाने तुझं काय घोडं मारलंय? मुलाखत पोराची आहे, तुझी नव्हे.”

मर्लिताला हसू आलं नाही. लुडीला अर्धंच माहीत होतं.

जोमार तिच्या पोटचा नव्हता. धाकटी बहीण नेनिता बाळंतपणात गेली. तिच्या नवऱ्याला दोन महिन्यांपूर्वीच समुद्राने गिळलं होतं. सुईणीने ओलं बाळ मर्लिताच्या हातात ठेवलं आणि जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून तिचंच नाव घातलं. तिकडे असे दाखले गावोगाव होते. त्यात काही वावगं आहे असं पाद्रीबाबालाही वाटत नसे. पुढे पोर नऊ वर्षांचं झालं आणि त्याला आजीकडे ठेवून मर्लिता कामासाठी कॅनडात आली.

कायमच्या वास्तव्याचं कार्ड हातात पडल्यावर तिने त्याच दाखल्यावर मुलाला आणायचा अर्ज केला. उत्तर आलं: सुईणीचा दाखला पुरत नाही, आई आणि मुलगा दोघांची डीएनए चाचणी करा. तिची पाचावर धारण बसली.

परदेशातून आलेल्यांसाठी एक मदत केंद्र होतं. तिथल्या बाईने तिला चांगलंच फैलावर घेतलं. “आधीच खरं सांगितलं असतंस तर पोरगा केव्हाच आला असता! कार्ड असलं की आईबाप नसलेला भाचा आणता येतो, अठराच्या आत अर्ज पडला पाहिजे. आता तरी लिहून दे, मी त्याची आई नाही म्हणून.” जोमारला अठरा पुरी व्हायला तेव्हा सहा आठवडे उरले होते. मर्लिताने खोट्या दाखल्याची कबुली दिली, जुना अर्ज मागे घेतला, नवा भरला. सही करताना तिला वाटलं, आपण आपल्याच हाताने पोराला परकं करतोय. त्या कबुलीने तिचं स्वतःचं कार्डही जाऊ शकलं असतं, पण तिची झोप उडवली ती पोराच्या काळजीने.

सरकारला खरं सांगितलं. पोराला सांगायची मात्र छाती होईना. दहा वर्षं ती त्याला दर नाताळला खोका पाठवत होती, बुटांचा नंबर फोनवर विचारून. आईपणातलं तिच्याकडे एवढंच उरलं होतं, बूट आणि हाक. म्हणून ती त्याला म्हणाली, “कागदांची भानगड आहे रे. साहेबासमोर तेवढं खोटं बोल.”

खरं तेच तिने त्याला खोटं म्हणून पढवलं होतं.

आणि जोमारला खोटं बोलणं जन्मात जमलं नव्हतं. लहानपणी अंडं फोडून आला की कोणी विचारायच्या आधीच गळा काढायचा. साहेब लोक तर तोंड बघूनच माणूस जोखतात. पोरगा खरं बोलेल, पण चोरासारखा बोलेल, आणि खरं बोलूनच पकडला जाईल. दुसऱ्यांदा अर्ज करायला वय आता उरलं नव्हतं. मर्लिताला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

नऊ वाजून गेले. ती एका आजोबांना कुशीवर वळवत होती, तेवढ्यात खिशातला फोन थरथरायला लागला. हात सोडले असते तर म्हातारा पडला असता. फोन थरथरून थांबला. तिने आजोबांना नीट निजवलं, पांघरूण घातलं आणि धावतच बाहेर येऊन फोन लावला.

“काय झालं?”

“पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा लावून परत देणार आहेत.”

“अडखळला नाहीस ना? मावशी म्हणालास?”

“म्हणालो की. त्यात अडखळायचं काय? आहेसच मावशी.”

“कोणी... कोणी सांगितलं तुला?”

“आजीने. तू गेलीस त्याच वर्षी.”

“आणि दहा वर्षं तोंड मिटून बसलास?”

“तू तरी कुठे उघडलंस?”

ती रडत होती, आणि मनातून हलकीही झाली होती. “बरं झालं बाबा,” डोळे पुसत ती म्हणाली. “म्हणजे आत सगळं खरंच बोललास.”

“नाही,” जोमार म्हणाला. “एक खोटं बोललो. साहेबांनी विचारलं, तुझी आई कुठे असते? मी म्हटलं, वारली.”