चिमटीत येणार नाहीत इतके

“चिमटीत येणार नाहीत इतके बारीक करा,” पोरीला खुर्चीत बसवता बसवता आई म्हणाली, आणि स्वतः मागच्या बाकावर बसून तिनं मोबाईल उघडला.

पार्लरवालीनं मान डोलावली. वीस वर्षांत तिनं काय काय फर्माइशी ऐकल्या होत्या! कापा, पण कापल्यासारखे दिसू देऊ नका, असं सांगणाऱ्यासुद्धा येऊन गेल्या होत्या. पण पाठभर रुळणारी ती वेणी बघून तिचा हात जरा अडखळलाच.

“सगळे? अहो, मुली जीव टाकतात अशा केसांसाठी.”

“धुवा, वाळवा, विंचरा. आठवड्याचे अडीच तास जातात त्यात,” आई म्हणाली. “परीक्षा पाच महिन्यांवर आलीय. झाली की वाढव म्हणावं पायापर्यंत.” आणि त्याच दमात, “हं, पोटॅशियमचा अणुक्रमांक?”

“एकोणीस,” पोरगी आरशाकडे न बघता म्हणाली.

असेल पंधरा-सोळाची. गळ्याभोवती चादर बांधली तरी मान हलली नाही. पार्लरवालीनं वेणी सोडली, पाणी मारलं, कंगवा घातला. उजव्या कानाच्या वर कंगवा एकदम सुळकन निसटला. केस बाजूला करून बघते तर नाण्याएवढी जागा उघडी. तिच्यामागे आणखी एक. टाळूजवळची तिसरी तर चांगली मोठी होती, वरचे केस ओढून बेमालूम झाकलेली.

चाई पडलीय, तिला आधी वाटलं. पण चाईची कातडी गुळगुळीत लागते, हे तिच्या बोटांना पाठ होतं. इथं खुंट टोचत होते. एक मोठा, एक लहान, एक नुकताच वर आलेला. हे केस गळले नव्हते. कुणीतरी एकेक करून उपटले होते.

तिनं खाली पाहिलं. चादरीतून पोरीचा हात बाहेर आला होता, आणि अंगठा न् तर्जनी एकमेकांवर घासत होती. मधे काही नसताना.

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला, की चिमटीत म्हणजे कुणाच्या चिमटीत.

“ताई, हे माहीत आहे तुम्हाला?”

“काय? हां, ते होय,” आईनं मोबाईलमधून डोकं वर काढलं. “वाचताना हात जातो तिचा. म्हणून तर आणलंय ना. धरायलाच काही उरलं नाही की सवय आपोआप सुटेल.”

“सवय? अहो, पोरगी स्वतःचे केस उपटतेय!”

“माझा भाऊ नखं खायचा परीक्षेच्या वेळी. रक्त यायचं. आज बघा कुठं पोचलाय.”

आईचा आवाज शांत होता. दुष्टावा म्हणाल तर त्यात नावालाही नव्हता, आणि त्यानंच पार्लरवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरडाओरडा करणारी बाई परवडली असती. ही तर दूध उतू जातंय म्हणून गॅस बारीक करायचा सोडून भांडं बदलायला आली होती.

“डॉक्टरांना दाखवलंत?”

“दाखवू की परीक्षेनंतर. आता एका फेरीत अख्खी सकाळ जाते. चल, प्रकाशाचा वेग?”

“तीन गुणिले दहाचा आठवा घात.”

पार्लरवालीनं वाकून पोरीच्या कानाशी विचारलं, “दुखत नाही का गं?”

पोरीनं पहिल्यांदाच आरशातून तिच्याकडे पाहिलं. “दुखतं ना. पण तेवढा वेळ बाकी सगळं बंद होतं.”

“गप्पा नकोत,” मागून आई म्हणाली. “काकूंना त्यांचं काम करू दे.”

काम! पार्लरवालीनं कात्री अशी आपटली की पाण्याची बाटली आडवी झाली. “नाही करत, जा! आज केस कापले तर उद्या भुवया उपटेल, परवा पापण्या. मग त्याही भादरायला माझ्याकडेच आणाल?”

आई ताडकन उठली. “तुम्ही केस कापायचे. आमच्या घरातलं आम्ही बघू. माझ्या पोरीचं भलं मला कळत नाही का? जमत नसेल तर तसं सांगा. समोरच्या दुकानात मशीन आहे, पाच मिनिटांचं काम.”

ते खरंच होतं. समोरचा एका शब्दानं काही विचारणार नव्हता. पार्लरवालीनं आडवी झालेली बाटली सरळ केली, आणि मग तिच्या हातांना करता येण्यासारखं काही सापडेना.

“ठीक आहे,” ती शेवटी म्हणाली. “पण डोकं हिचं आहे. ही म्हणेल तसं करते.”

“तिला काय विचारायचंय त्यात?”

पण पार्लरवालीनं खुर्ची गर्रकन फिरवलीसुद्धा होती. आईकडे पोरीची पाठ झाली. ती पोरीसमोर उकिडवी बसली.

“आईचं सोड, माझंही सोड. तुला काय हवंय, बाळा?”

पोरगी बावचळली. इतका वेळ फटाफट उत्तरं देणारी ती, खालचा ओठ चावत विचार करत राहिली. अगदी मनापासून. मग तिनं हळूच विचारलं,

“काकू, ऑप्शन काय आहेत?”