बाळ लगेच रडलं का?

"बाळ जन्मल्यावर लगेच रडलं का?" प्राजक्ताने विचारलं. उत्तर यायच्या आधीच तिचं पेन 'होय'च्या चौकोनावर टेकलं होतं.

"नाही," रंजिता म्हणाली.

प्राजक्ताने शेजारच्या चौकोनात खूण केली. तिला त्यात नवल वाटलं नाही. पोटुशी असताना कोरोना झालेल्या बायकांची मुलं आता चार वर्षांची झाली होती, आणि ती कशी आहेत याच्या सर्वेक्षणाचे फॉर्म भरत प्राजक्ता महिनाभर गावोगाव फिरत होती. उशिरा रडलेली आणि आता घरभर दंगा करणारी मुलं तिला आधीही भेटली होती. जैनाबादच्या या घरातली हर्षाली त्यांच्यातलीच वाटत होती. मघाशी तिने एका पायावर उभं राहून दाखवलं, रंग बरोबर ओळखले, वजन तेरा किलो आठशे भरलं. आता ती अंगणात आजीपुढे बसून शेंगा सोलत होती.

"मग किती वेळाने रडलं?"

रंजिताने अंगणाकडे पाहिलं. "आई, हर्षालीला जरा केळीच्या मळ्यात घेऊन जाता?"

सासूने, मालूबाईंनी, शेंगांचं सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. "चाल माय, बाबाले पाणी देऊन येऊ."

दोघी फाटकाबाहेर गेल्या. मग रंजिता म्हणाली, "रडलंच नाही."

प्राजक्ताला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"दीदी, तुम्ही मला माझं विचारत होता, म्हणून मी माझं सांगितलं. आठव्या महिन्यात ताप मला आला. सहा दिवस ऑक्सिजन मला लागला. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगा होता." तिने फाटकाकडे पाहिलं. "हर्षाली योगिताची. माझ्या जावेची."

अंगणवाडीच्या यादीत आई म्हणून रंजिताचंच नाव होतं. गावात घर विचारलं तेव्हाही सगळे 'रंजिताची पोर' असंच म्हणाले होते.

त्या साली ताप आधी धाकट्या दिराला, म्हणजे योगिताच्या नवऱ्याला, संदीपला आला, रंजिता सांगू लागली. आठवड्याभरात दोघी जावा बुऱ्हाणपूरला भरती झाल्या. एकाच वॉर्डात, शेजारशेजारच्या खाटांवर. योगिताला नुकताच आठवा लागला होता. तिला दम लागायला लागला तसं डॉक्टरांनी ऑपरेशन करून बाळ काढलं. सोळाशे ग्रॅमची मुलगी. तिला वेगळ्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलं. योगिताने लेक पाहिली ती फक्त नर्सच्या मोबाइलवर, फोटोत. चौथ्या दिवशी योगिता गेली.

"माझं बाळ जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. छाती दुधाने दगडासारखी झाली होती. एक नर्स आली. म्हणाली, कोरोनाने दुधाला काही होत नाही. मास्क लावा, हात धुवा आणि त्या बच्चीसाठी द्या. मला तिचा इतका राग आला की मी तोंड फिरवलं. तासाभराने मीच तिला हाक मारून वाटी मागितली."

पोरीला चोखायची ताकद नव्हती. आधी नळीने, मग चमच्याने दूध पाजलं. बाविसाव्या दिवशी ती अंगावर प्यायली. घरी आल्यावर संदीपने लेक रंजिताच्या ओटीत घातली. तो आता नेपानगरला नोकरीला होता. दर रविवारी यायचा.

"त्याला ती पप्पा म्हणते, आमच्या यांना बाबा. आई मात्र मला एकटीलाच म्हणते. शाळेत घालायच्या आधी तिला सगळं सांगू, असं हे म्हणतात. मीच टाळत आले."

प्राजक्ताने फॉर्मकडे पाहिलं. आजार एकीचा आणि मूल दुसरीचं, असा कागद चालणार नव्हता. तिने तसं सांगितलं. योगिताच्या नावाचा फॉर्म वेगळा भरावा लागेल, हर्षालीची माहिती त्यात जाईल.

"म्हणजे हर्षालीच्या कागदावर आईच्या जागी मी नसणार."

"नाही."

"आणि माझ्या कागदावर?"

"तुमचं बाळ. तारीख, वजन, मुलगा की मुलगी."

"त्याचंही लिहितात?"

"लिहायलाच लागतं."

रंजिताने पदराने ओठ पुसले. प्राजक्ताला वाटलं, ही आता नको म्हणणार. फॉर्म न भरता परत जायची तिने मनाशी तयारीही केली.

"दोन किलो शंभर," रंजिता म्हणाली. "नर्सने वजन केलं तेव्हा मी ऐकलं होतं. चार वर्षांत मला कोणी विचारलं नाही. बोलायला गेलं की म्हणायचे, पदरात एक आहे ना, मग कशाला आठवतेस. लिहा, दीदी. दोन्ही फॉर्म भरा. आणि तिचं नाव पूर्ण लिहा. योगिता संदीप महाजन."

प्राजक्ताने दोन कोरे फॉर्म काढले. रंजिता सांगत गेली. मुलाची तारीख सांगताना तिचा आवाज कापला, योगिताची सांगताना नाही. शेवटी एकच प्रश्न राहिला, दोन्ही फॉर्मवर तोच.

"हयात मुलं किती? योगिताच्या फॉर्मवर एक लिहिते."

"हो."

दुसरा फॉर्म पुढे घेऊन प्राजक्ता थांबली. नियमाने तिथे शून्य येत होतं.

रंजिताने तिच्या हातून पेन घेतलं आणि त्या चौकोनात स्वतःच एकचा आकडा काढला.