तीन नंबरचा चौकोन

तर झालं असं, की नव्या सॉफ्टवेअरची स्क्रीन साहेबांकडून पास होईपर्यंत ती बनवणाऱ्या डिझायनरला रजा नव्हती, आणि बहिणीचं बाळ महिन्याचं झालं तरी हिने ते फक्त फोनवर पाहिलेलं. स्क्रीन साधीच. चार चौकोन म्हणजे कंप्युटरमधले चार प्रोसेसर. जे काम ज्याने करायचं, ते उचलून त्याच्या चौकोनात टाकायचं. फार कामं झाली की चौकोन लाल.

साहेबांनी ती उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अगं, तीन नंबरवर अकरा कामं, आणि बाकीचे तिघे हवा खातायत? कोणी केली ही वाटणी?"

"नमुन्यासाठी भरलंय, सर," ती कशीबशी म्हणाली.

"जळून जाईल ना बिचारा." साहेबांनी स्वतःच एकेक काम उचलून बाकीच्या तिघांवर टाकलं. चौकोन हिरवा झाल्यावर 'लागू करा' दाबलं. "सोपं आहे की. पास."

तिचा जीव असा काही भांड्यात पडला, की त्या भरात ती बोलूनच गेली. "सर, घाईत मी आपल्याच टीमच्या कामांची यादी भरली होती. नावं काढून आकडे टाकले, वाटणी तुमचीच राहिली. तीन नंबर मी आहे."

साहेबांचं बोट 'रद्द करा'वर गेलं, जरा वेळ तिथेच थांबलं, आणि मागे आलं.

"उद्याच जा बाळाला बघायला," ते म्हणाले. "तुझी कामं तर मी आत्ताच वाटली."