छपरावरचा दात

"हलवू नकोस गं सारखा. उद्या आपोआप पडेल," आजी म्हणाली.

"उद्या नाही चालणार. आजच पाडायचाय." कुंथीनं खालचा दात पुन्हा जिभेनं ढकलला. तिचा हा पहिलाच दात.

शेजारी तिच्या मैत्रिणीचं, थिदाचं घर निघायच्या तयारीत होतं. सरोवरावरचीच घरं ती, बांबूच्या तराफ्यावर तरंगणारी. दोर सोडले की निघालं घर. थिदाच्या बापानं पुढे होडी जोडली होती, कोंबड्यांची डालगी आत घेतली होती. मागचे दोन दोर तेवढे सुटायचे होते.

थिदा कुठे चाललीय, हे कुंथीनं सकाळपासून सगळ्यांना विचारून पाहिलं होतं. "मासे असतील तिथे," थिदाचा बाप म्हणाला. "पलीकडे," तिची आई म्हणाली. पलीकडे म्हणजे कुठे? सरोवराला पलीकडे चारही बाजूंनी आहे! मोठी माणसं एका साध्या प्रश्नाला धड उत्तर देतील तर शपथ.

दातांबद्दल मात्र आजीला सगळं ठाऊक होतं.

"खालचा दात आपल्या घराच्या छपरावर फेकायचा. मग नवा दात जुन्याकडे बघत सरळ वर येतो."

"आणि दुसरीकडेच फेकला तर?"

"तर तिकडे वळून येतो. वाकडा! त्या बर्फवाल्याचे बघ ना. कुठे कुठे फेकले होते कुणास ठाऊक."

"जुना दात लांब गेला तरी नव्याला कळतं?"

"कळतं म्हणजे काय! भाऊच ना त्याचा."

"खूप खूप लांब गेला तरी?"

"डोकं खाऊ नकोस गं. कळतं म्हटलं ना."

आजी आत गेली, तशी कुंथी उठली. तिनं गळाचा दोरा काढला, त्याचं एक टोक दाताला घट्ट बांधलं आणि शिशाचा गोळा लावलेलं दुसरं टोक थिदाच्या घराकडे भिरकावलं. थिदानं ते झेललं आणि मुठीला गुंडाळलं.  दोघींचं आधीच ठरलेलं असावं.

मागचे दोर सुटले. होडीचं इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. घर हळूच हललं. दोन घरांमधलं पाणी रुंद होत गेलं, तसा दोरा पाण्यातून वर आला, ताठ झाला. कुंथीनं दोन्ही हातांनी खांब धरला आणि डोळे गच्च मिटले.

"आई गं!"

आजी धावत बाहेर आली, तोवर दात पाण्यावर उड्या मारत निघालासुद्धा होता. थिदानं भराभर दोरा ओढला, दात सोडवला, उंच धरून दाखवला आणि आपल्या छपरावर फेकला. पत्र्यावर टण्णकन वाजलं.

"अगं मेले! तिच्या छपरावर? आता तुझा दात वाकडा येणार. ते घर जाईल तिकडे तोंड करून!"

कुंथीच्या हनुवटीवर रक्त होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते काही दातासाठी नव्हतं.

"येऊ दे वाकडा," ती म्हणाली. "मग थिदा कुठे गेली ते मला कळेल ना."

 खांद्यावरचं फडकं पाण्यात बुडवून आजीनं नातीची हनुवटी पुसली. थिदाचं घर लहान होत गेलं. मग त्याचं छप्परच तेवढं दिसायला लागलं. कुंथी तिकडे बघत उभी होती, आ वासून.

"मीट आता तोंड. वारा जातोय आत."

कुंथीनं मान हलवली.

"थांब ना आजी. नव्या दाताला नीट बघून घेऊ दे."