थोडक्यात मजकूर

“ही फाईल ‘क’ वर्गात टाका आणि या शुक्रवारी जे कागद कापायला जाणार आहेत, त्यांत घ्या,” सौमित्र कारखानीस म्हणाले.

हेमा दांडेकरांनी फाईल हातात घेतली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. कोणता कागद कायम ठेवायचा आणि कोणता फाडायचा, हे त्या कपाट न उघडता सांगू शकत.

“साहेब, यात रस्त्याच्या वहिवाटीचा पाहणी अहवाल आहे. जमिनीच्या हक्काचे कागद कायम ठेवतात. ‘क’ वर्ग म्हणजे पंखे दुरुस्ती, सतरंज्या खरेदी. दहा वर्षं झाली की रद्दी.”

“वर्ग ठरवायचा अधिकार कोणाचा?”

“आपला.”

“मग ठरवलाय मी.”

फाईल मांजरी गावच्या बायडाबाईंची होती. त्यांच्या उसाच्या शेताकडे जाणारा रस्ता पंधरा वर्षांपूर्वी खुद्द कारखानीसांनीच टेप लावून मोजला होता. तेव्हा नोकरी नवी होती आणि उत्साहही. अहवाल झकास लिहिला होता. आता त्याच रस्त्यावर एका गृहप्रकल्पाची भिंत उभी होती. इथे रस्ता कधी नव्हताच, असं बिल्डर कोर्टात सांगत होता, आणि बिल्डरचा माणूस आठवड्यातून दोनदा साहेबांच्या केबिनमध्ये कॉफी पिऊन जात होता. कालच बायडाबाई अहवालाची नक्कल मागायला आल्या होत्या. अर्जाला कोर्ट फीचं तिकीट नाही म्हणून साहेबांनी अर्ज घेतलाच नाही. “तिकीट लावून सोमवारी या, आजी,” असं मोठ्या आदबीनं सांगितलं होतं.

हेमाताई आपल्या टेबलाशी येऊन बसल्या. झेरॉक्स काढून उपयोग नव्हता. मूळ कागद नाही आणि साहेबाची सही नाही, तर झेरॉक्सला कोर्टात कोण विचारणार? फाईल पिशवीत घालून घरी न्यावी, असं क्षणभर मनात आलं. पण सव्वीस वर्षांत त्यांनी कार्यालयातली टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. चहा आला, निवून गेला. मग त्यांनी नाश नोंदवही पुढे ओढली.

कागद फाडण्याआधी त्याची नोंद या वहीत करायची असते. अनुक्रमांक, वर्ष, विषय आणि शेवटचा रकाना, ‘मजकूर थोडक्यात’. हेमाताईंनी तो रकाना आजवर हजारो वेळा भरला होता. आज पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की थोडक्यात म्हणजे किती, हे नियमात कुठेच लिहिलेलं नाही.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

दोनशे अकरावी नोंद पंखे दुरुस्तीची होती, एका ओळीची. दोनशे तेरावी सतरंज्यांची, तीही एका ओळीची. मधली दोनशे बारावी तीन पानं चालली. अहवालातला एकही शब्द गाळला नाही.

शुक्रवारी वही सहीला गेली. साहेबांना गावाला निघायचं होतं. गाडी खाली उभी होती.

“साहेब, वाचून सही करा,” हेमाताई म्हणाल्या. “प्रत्येक पानाखाली ‘मूळ कागदांशी ताडून पाहिले, बरोबर आहे’ असं छापलंय.”

“बाई, पंख्यांच्या फायली वाचत बसू मी? शिक्का द्या इकडे.”

“सांगणं माझं काम होतं.”

एक डोळा मोबाइलवर ठेवून साहेबांनी पानामागून पान सह्या केल्या, शिक्के मारले. दुपारी यंत्रानं सगळ्या फायलींचा शेवयांसारखा चुरा केला.

सोमवारी बायडाबाई तिकीट लावलेला अर्ज घेऊन हजर झाल्या.

“आजी, ती फाईल नियमानं नष्ट झाली हो,” कारखानीस म्हणाले. “मुदत संपली होती. काय करणार?”

बायडाबाई टेबलाशी वाकल्या. “आवो सायेब, ऊस उभा हाय माजा. न्यायचा कुठनं? डोक्यावरनं?”

“नष्ट केल्याच्या नोंदीची नक्कल मिळते,” हेमाताई शांतपणे म्हणाल्या. “तसा अर्ज करता का?”

साहेबांना हसू आलं. “द्या, द्या. आजींना तेवढंच समाधान.” आणि त्यांनी तिथल्या तिथे मंजुरीची सही ठोकली.

पाच मिनिटांत हेमाताई नोंदीच्या नकलेची तीन पानं घेऊन आल्या.

“मला कुठं वाचता येतंय, बाई? तुमीच वाचा,” बायडाबाई म्हणाल्या.

हेमाताईंनी चष्मा सारखा केला आणि सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. “‘आज रोजी मी स्वतः जागेवर जाऊन पाहणी केली. सदर रस्ता बारा फूट रुंद असून पूर्वापार वापरात आहे. याखेरीज शेताला दुसरी वाट नाही...’” टायपिंगचा आवाज थांबला. कारखानीस केबिनच्या दारात आले होते. आपलीच वाक्यं त्यांना ओळखू येत होती. पानांच्या खाली ताज्या सह्याही त्यांच्याच होत्या.

बायडाबाईंनी पानांची घडी करून ती पोलक्यात खोचली आणि थेट वकिलाचं घर गाठलं.

तीन महिन्यांनी कोर्टाच्या हुकमानं भिंत पडली. बिल्डरचा माणूस कॉफीला यायचा बंद झाला. उसाचा पहिला ट्रॅक्टर त्या रस्त्यानं गेला, त्या दिवशी कारखानीसांनी हेमाताईंना केबिनमध्ये बोलावलं. ते पेपरवेट फिरवत होते.

“बाई, ही नाश नोंदवही... ती कितव्या वर्षी नष्ट करता येते?”

“नाही येत, साहेब,” हेमाताई म्हणाल्या. “बाकी काही ठेवो न ठेवो, आपण काय काय फाडलं, तेवढं सरकार कायमचं जपून ठेवतं.”